लेकरू चिल्काला, आई-बाप परभणीत

परभणीला समुद्र नाही, तरी इथली पोरं नेव्हीत अग्निवीर व्हायला निघतात. ट्रेनिंग ओडिशात, चिल्का सरोवराजवळच्या आयएनएस चिल्कावर. पहिल्या बॅचची पासिंग आऊट परेड २८ मार्च २०२३ ला झाली, तीही सूर्यास्तानंतर. जवळपास २,६०० अग्निवीर, त्यात २७३ मुली.

त्याआधीचे सुमारे १६ आठवडे घरच्यांना जड जातात. तिकडं पीटी, परेड, पोहणं, क्लास. फोन हवा तेव्हा हातात नसतो. इकडं आई मोबाईल उशाशी घेऊन झोपते, आणि नेमका फोन येतो तेव्हा ती शेतात, रेंज नाही. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत सर्व्हर चालू आहे, रिप्लाय उशिरा येतोय. पण हे आईला सांगून बघा!

म्हणून पोरं निघतात त्याच दिवशी पालकांचे नंबर एकमेकांना द्या. भाऊ-बहीण गेली असेल तर हे काम तुमचं. जिंतूरच्या पोराचा फोन आला, की त्याच्या आईनं गंगाखेडला कळवायचं, "तुमचा पण बरा आहे, जेवतोय." त्यावर आठवडा निघतो. "कुणीतरी आजारी आहे म्हणे" असलं ऐकीव मात्र पुढं पाठवू नका, चार घरं रात्रभर जागतात. आणि बापालाही फोन करा. तो स्वतःहून विचारणार नाही.

परेडचं बोलावणं आलं, तर सिकंदराबादला गाडी बदलून लांबचा प्रवास आहे. दोन-तीन घरांची तिकिटं सोबतच काढा, हिंदी बोलणारं एक जण बरोबर घ्या.