टायमिंग बेल्ट : तुटण्याआधीच बदला



मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, पण आपल्या भागात ती अजून पळते आहे. माझ्याकडेही एक जुनी आहे. गेल्या गळीत हंगामात रात्री शेजाऱ्यांच्या वडिलांना दवाखान्यात नेताना ती चालता चालता एकाएकी बंद पडली. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने म्हाताऱ्यांना पोचवले. वेळ निभावली, पण चूक माझीच होती.

ओळखायचे कसे? स्टार्टर मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरते, पण पकडत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढा आणि क्षणभरच स्टार्टर मारायला सांगा. रोटर फिरत नसेल तर बहुधा बेल्ट तुटला. मग पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकतात.

नवा बेल्ट क्रँकच्या व कॅमच्या खुणा जुळवूनच चढवावा. क्रँकचे दोन फेरे, तेव्हा कॅमचा एक, हे गणित चुकता कामा नये. ताण देणारी पुली व ऑईल सील तपासा. तेलाने रबर खराब होते. माझ्या बेल्टचे तेच झाले. इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात, मगच स्टार्टर.

बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते. जुनी गाडी घेतली व नोंद नसेल, तर बेल्ट बदलूनच घ्या. लागणीची तारीख वहीत लिहिता ना? तशीच बेल्टचीही लिहा.

– ऊस विकास अधिकारी