कारकीर्द एका सामन्याची, नाव स्टेडियमला

पोलंडच्या फुटबॉल संघाला आजवरचा सगळ्यात मोठा मार बसला तो २६ जून १९४८ रोजी, कोपनहेगनमध्ये. डेन्मार्कने आठ गोल ठोकले, पोलंडचा भोपळा फुटलाच नाही. काझिमिएश गुर्स्की त्या दिवशी पहिल्यांदा देशाच्या जर्सीत उतरले होते. पूर्वार्धातच त्यांना बाहेर बोलावलं गेलं आणि देशाकडून खेळण्याची संधी पुन्हा कधी मिळालीच नाही.

वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमला आज नाव आहे ते याच गुर्स्कींचं!

जन्म १९२१चा, ल्वुव शहरातला. तेव्हाचं पोलंड, आताचं युक्रेन. महायुद्धानंतर ते वॉर्साच्या लेगिया क्लबकडून आघाडीवर खेळले. पळणं इतकं हलकं की टोपणनाव पडलं ‘सारेन्का’, म्हणजे इवलीशी हरिणी.

१९७०च्या अखेरीस प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला आणि दोनच वर्षांत म्युनिक ऑलिंपिकचं सुवर्णपदक! अंतिम सामन्यात हंगेरीने आधी गोल केला, पण काझिमिएश देयनाने उत्तरार्धात दोन गोल करून सामना फिरवला. वाटेत डेन्मार्कचीही गाठ पडली होती. या खेपेला १-१.

पण पोलंडमध्ये अजूनही ज्याच्या आठवणी निघतात तो सामना म्हणजे १७ ऑक्टोबर १९७३चा, वेम्बलीवरचा. विश्वचषकाचं तिकीट मिळवायला इंग्लंडला विजय हवा होता, पोलंडला बरोबरी पुरेशी होती. गोलरक्षक यान तोमाशेव्स्कीला इंग्लिश प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी टीव्हीवर ‘विदूषक’ ठरवून टाकलं होतं. मग त्या विदूषकाने काय केलं? हाताने, पायाने, अंगाने, जमेल तसे चेंडू अडवले. ५७व्या मिनिटाला टचलाइनजवळ नॉर्मन हंटरकडून चेंडू निसटला, गझेगोश लातो तो घेऊन सुसाट सुटला, त्याने आत दोमार्स्कीकडे दिला आणि दोमार्स्कीचा फटका पीटर शिल्टनच्या अंगाखालून जाळ्यात. इंग्लंडने पेनल्टीवर बरोबरी साधली, पुढे मात्र काही चाललं नाही. १९६६चे जगज्जेते घरी बसले आणि त्यांना जगज्जेते करणारे अल्फ रॅम्सी काही महिन्यांत पदावरून गेले.

१९७४च्या विश्वचषकात तर धमालच. अर्जेंटिनाला ३-२, हैतीला ७-०, इटलीला २-१. लातोचे सात गोल, स्पर्धेत सर्वाधिक. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ब्राझीलला हरवणारा एकमेव गोलही त्याचाच.

मला मात्र खरी हळहळ वाटते फ्रँकफर्टची. ३ जुलै १९७४, समोर यजमान पश्चिम जर्मनी, जिंकलं की थेट अंतिम फेरी. आणि सामन्याआधी आभाळ फाटलं! मैदानाचं तळं झालं, अग्निशमन दलाने पंप लावून पाणी उपसलं, तरी चेंडू जागोजागी रुतत होता. पोलंडचं सगळं बळ वेगात आणि पासांत, तेच त्या चिखलाने गिळलं. तोमाशेव्स्कीने पेनल्टी अडवली, पण ७६व्या मिनिटाला गेर्ड म्युलरने गोल केलाच. ०-१. कोरडं मैदान मिळालं असतं तर पोलंड अंतिम फेरीत असतं, असं मानणाऱ्यांत मीही आहे.

गुर्स्कींची वाक्यं पोलंडमध्ये म्हणींसारखी वापरली जातात. सगळ्यात गाजलेलं: चेंडू गोल आहे आणि गोल दोन आहेत. हे तर जणू मराठीसाठीच घडवल्यासारखं, कारण ‘गोल’ शब्दाची अशी दुहेरी मजा पोलिशमध्ये नाही. दुसरं: सामना जिंकता येतो, हरता येतो किंवा बरोबरीत सुटतो. ऐकायला किती साधं! पण ०-८ अंगावर घेतलेला माणूस हे सांगतो, तेव्हा दडपणाखालच्या खेळाडूचे खांदे नक्कीच सैल होत असतील.

१९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाला रौप्य मिळालं. तेही पोलंडमध्ये कमी मानलं गेलं, इतक्या अपेक्षा त्यांनीच वाढवून ठेवल्या होत्या. त्यानंतर गुर्स्की ग्रीसला गेले. तिथे पानाथिनाइकोस आणि ऑलिंपियाकोस यांचं वैर म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. गुर्स्कींनी १९७७ साली पानाथिनाइकोसला लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. १९८१ साली पुन्हा लीग आणि कप दोन्ही, या वेळी ऑलिंपियाकोसला!