मार्चअखेरची मंजुरी : राज्याचा अर्थसंकल्प संमत होतो कसा

राज्याच्या तिजोरीतून एक रुपया खर्च करायचा झाला तरी त्याला कायद्याचा आधार लागतो. राज्यघटनेच्या 266व्या अनुच्छेदाने एकत्रित निधीला हे कुलूप घातले आहे आणि त्याची किल्ली विधिमंडळाच्या हाती दिली आहे. अर्थमंत्र्यांचे भाषण हे मागणे असते; त्या भाषणाने कोणत्याही खात्याला पैसे मिळत नाहीत. ते मिळतात त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, जेव्हा सभागृह एकेका विभागाची मागणी संमत करते आणि विनियोजन विधेयक मंजूर करते. अर्थसंकल्पाच्या दिवशी घराघरांत दूरचित्रवाणी लागते, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत काय स्वस्त आणि काय महाग याचे तक्ते छापून येतात. पुढच्या आठवड्यांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नसते. खरा निर्णय होतो तो याच काळात.

अधिवेशनाचे वेळापत्रक

महाराष्ट्राचे अर्थसंकल्पीय अधिवेशन साधारणतः फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी मुंबईत सुरू होते. वर्षातील पहिले अधिवेशन असल्याने घटनेच्या 176व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांच्या अभिभाषणाने त्याची सुरुवात होते. त्यानंतर अभिभाषणावरील आभारप्रस्ताव, सरत्या वर्षाच्या शेवटच्या पुरवणी मागण्या आणि मग नव्या वर्षाचा अर्थसंकल्प असा क्रम असतो. अर्थसंकल्प दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी मांडला जातो. विधानसभेत अर्थमंत्री बोलतात, तर विधान परिषदेत सहसा वित्त राज्यमंत्री.

2025 सालचे अधिवेशन 3 मार्चला सुरू झाले आणि 26 मार्चला संपले. अर्थमंत्री अजित पवार यांनी 10 मार्चला 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च 7,00,020 कोटी रुपये, महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी, म्हणजे महसुली तूट 45,891 कोटी. राजकोषीय तूट 1,36,235 कोटी. राज्याच्या खर्चाचा आकडा प्रथमच सात लाख कोटींच्या पुढे गेला होता. मांडणीपासून अधिवेशन संपेपर्यंत सोळा दिवस उरले होते आणि त्यातच होळी, धुळवड आणि शनिवार-रविवार आले. एवढ्या अवधीत सर्वसाधारण चर्चा, त्यावरचे उत्तर, विभागवार मागण्या आणि विनियोजन विधेयक असे सारे टप्पे पार पडले.

मागण्या आणि कपात सूचना

पहिला टप्पा सर्वसाधारण चर्चेचा. दोन्ही सभागृहांत ती होते, पण तिच्या शेवटी मतदान नसते. दुसरा टप्पा अनुदानाच्या मागण्यांचा, आणि तो फक्त विधानसभेचा अधिकार आहे. प्रत्येक प्रशासकीय विभागाला एक अक्षर दिलेले असते आणि त्या अक्षराखाली मागण्यांचे क्रमांक येतात. गृह विभागाची ‘बी-1’ म्हणजे पोलीस प्रशासन, शालेय शिक्षण विभागाची ‘ई-2’ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण. ‘ई-2’ ही दोन अक्षरे उच्चारून सभागृह पुढे सरकते, तेव्हा राज्यभरातील शिक्षकांच्या वर्षभराच्या पगाराचा मोठा भाग त्यात संमत झालेला असतो.

सगळाच खर्च मतदानाला येत नाही. खर्चाचे दोन भाग असतात, भारित आणि दत्तमत. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, विधानसभेचे अध्यक्ष व उपाध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती व उपसभापती यांचे वेतन, राज्यावरील कर्जाचे व्याज व परतफेड हा भारित खर्च. त्यावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. कर्ज वाढले की व्याज वाढते आणि त्या प्रमाणात सभागृहाच्या मताबाहेरचा खर्चही वाढतो. कर्जाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच निघतो, पण लोकप्रतिनिधींच्या अधिकाराच्या दृष्टीने तो कळीचा आहे.

मागणीला विरोध करण्याचे साधन म्हणजे कपात सूचना. भारतीय कायदेमंडळांत तिचे तीन प्रकार रूढ आहेत: धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना, काटकसरीसाठी ठरावीक रकमेची कपात, आणि एखादी तक्रार मांडण्यासाठी शंभर रुपयांची नाममात्र कपात. तिसऱ्या प्रकाराचा उपयोग सर्वाधिक होतो. मतदारसंघातील अर्धवट राहिलेला पूल, औषधांविना चाललेले ग्रामीण रुग्णालय, रिक्त पदे असलेले तहसील कार्यालय अशा गोष्टी शंभर रुपयांच्या कपातीच्या निमित्ताने कार्यवाहीत नोंदल्या जातात. बहुमताचे सरकार असताना या सूचना मंजूर होत नाहीत. एखादी मंजूर झाली, तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असाच तिचा अर्थ घेतला जातो.

मागण्यांसाठी किती दिवस द्यायचे आणि कोणत्या दिवशी कोणते विभाग घ्यायचे, हे कामकाज सल्लागार समितीत ठरते. निवडक विभागांवर चर्चा होते, मंत्री उत्तर देतात, मग मतदान. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्र मतास टाकल्या जातात. संसदीय भाषेत याला गिलोटिन म्हणतात. अध्यक्ष प्रश्न मांडतात, ‘होय’चा आवाज उठतो, मागण्या संमत झाल्याचे जाहीर होते आणि हजारो कोटींचा खर्च काही मिनिटांत मार्गी लागतो. सर्व विभागांवर सविस्तर बोलायला वेळ पुरणार नाही हे खरेच; पण एखादा विभाग वर्षानुवर्षे चर्चेला येतच नसेल, तर त्याच्या कारभाराला कोणी प्रश्न विचारलेलाच नसतो.

विरोधी बाके रिकामी असली तरी हे कामकाज चालूच राहते. 18 मार्च 2017 रोजी अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार अर्थसंकल्प मांडत असताना विरोधकांनी शेतकरी कर्जमाफीसाठी घोषणा दिल्या. 22 मार्चला काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या 19 आमदारांना निलंबित करण्यात आले. हे निलंबन पुढे टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि तिच्या तरतुदीसाठी पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांचा मार्ग घ्यावा लागला.

विनियोजन विधेयक

मागण्या संमत झाल्या की 204व्या अनुच्छेदानुसार विनियोजन विधेयक येते. संमत मागण्या आणि भारित खर्च यांची बेरीज त्यात असते. अनुदानाची रक्कम बदलणारी किंवा त्याचा हेतू फिरवणारी दुरुस्ती या विधेयकाला सुचवता येत नाही. ते धनविधेयक असल्याने विधान परिषदेला त्यावर शिफारशी करता येतात, पण चौदा दिवसांत ते परत करावे लागते आणि शिफारशी स्वीकारायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. राज्यपालांनाही धनविधेयक फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही.

करांच्या प्रस्तावांसाठी स्वतंत्र विधेयक लागते आणि तेथे सभागृहातील चर्चेचा परिणाम कधीकधी लगेच दिसतो. 2025 च्या अर्थसंकल्पात तीस लाख रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या विद्युत वाहनांवर सहा टक्के कर प्रस्तावित होता. अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो आकारला जाणार नसल्याचे सांगितले. नीट विचारलेला प्रश्न किती दूर जातो, याचा हा ताजा दाखला.

अंतिम आठवडा

शेवटच्या आठवड्याला महाराष्ट्रात स्वतःची एक प्रथा आहे, अंतिम आठवडा प्रस्ताव. कायदा-सुव्यवस्था, शेती, भ्रष्टाचाराचे आरोप, रखडलेले प्रकल्प असे अनेक विषय एकाच प्रस्तावात गुंफून विरोधी पक्ष सरकारच्या एकूण कारभाराचा पंचनामा करतो आणि सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागते. याच दिवसांत लक्षवेधी सूचनांची गर्दी होते, कामकाज रात्री उशिरापर्यंत चालते आणि उरलेली विधेयके उरकली जातात.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवालही बहुधा याच वेळी पटलावर येतात. 151व्या अनुच्छेदाप्रमाणे ते विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, पण अखेरच्या दिवशी ठेवले की सभागृहात त्यावर बोलायला वेळ उरत नाही. पुढची तपासणी लोकलेखा समितीकडे जाते आणि ती बरीच मागाहून होते. मागच्या पैशाचा हिशेब आणि पुढच्या पैशाची मंजुरी एकाच आठवड्यात सभागृहापुढे असते, तरी दोहोंची सांगड घालायला वाव मिळत नाही. हे प्रथेतले मोठे वैगुण्य आहे.

लेखानुदान आणि पुरवणी मागण्या

निवडणुकीच्या वर्षी ही सारी प्रक्रिया पुढे ढकलली जाते. 206व्या अनुच्छेदातील लेखानुदानाने काही महिन्यांच्या खर्चाची सोय होते. लोकसभा निवडणुकीमुळे 2024 मध्ये 27 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला. त्याचा एकूण खर्च 6,12,293 कोटींचा होता. अकराच दिवसांनी, 9 जुलैला, 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. हे प्रमाण मूळ खर्चाच्या सुमारे साडेपंधरा टक्के होते आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची मोठी तरतूद त्यातच होती. पुढच्या वर्षीही 30 जून 2025 रोजी 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या.

पुरवणी मागण्यांतील काही रक्कम केवळ हिशेबी समायोजनाची असते आणि अतिवृष्टीसारख्या संकटात त्या अटळही असतात. पण अर्थसंकल्प मंजूर होताच मोठ्या मागण्या येऊ लागल्या, तर मार्चमधील चर्चा अपुऱ्या आकड्यांवर झाली असे म्हणावे लागते.

मंजुरीनंतर

संमत अनुदान ही खर्चाची कमाल मर्यादा असते. तेवढा पैसा मिळेलच अशी हमी त्यात नसते. 1 एप्रिलनंतर वित्त विभाग टप्प्याटप्प्याने निधी खुला करतो. 2020 मध्ये करोनामुळे अधिवेशन 14 मार्चलाच गुंडाळावे लागले, अर्थसंकल्प मंजूर झाला, आणि 4 मेच्या शासन निर्णयाने विकासकामांना त्या वर्षी 33 टक्केच निधी मिळेल असे ठरले. एरवीही वर्षभर अडून राहिलेला निधी मार्चअखेरीस घाईने खर्च होतो किंवा परत जातो, यावर लेखापरीक्षेचे अहवाल वारंवार बोट ठेवतात.

यावर उपाय आहेत आणि ते देशात अन्यत्र रुळलेले आहेत. संसदेत 1993 पासून विभागवार स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात. केरळ विधानसभेत हेच काम विषय समित्या करतात. अशा समित्या महाराष्ट्रात मागण्या तपासू लागल्या, तर चर्चेविना संमत होणाऱ्या विभागांचीही आधी चौकशी झालेली असेल. लेखापरीक्षेचे अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात पटलावर ठेवायला घटनेची कोणतीही आडकाठी नाही. मागण्यांसाठीचे दिवस वाढवणे आणि चर्चेचे विभाग दरवर्षी आलटूनपालटून घेणे सभागृहाच्याच हाती आहे. करदात्याचा पैसा कोठे जाणार हे ठरवण्याचा अधिकार विधानसभेकडे आधीपासूनच आहे. तो पुरेपूर वापरण्यासाठी तिने स्वतःलाच अधिक वेळ द्यायला हवा.