दिवा जुना, वायर नवी

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत, पितळी टेबल लॅम्प, हिरव्या काचेचे ऑफिसचे दिवे आणि स्प्रिंगांच्या हातावर तोललेले इंग्रजी दिवे आजही मिळतात. घासाघीस होते ती पितळेवर, काचेच्या रंगावर, तळाशी उठवलेल्या नावावर. बुडातून निघणारी वायर हातात घेऊन कुणी सहसा पाहत नाही. उलट सुती विणीची ती काळपट दोरी मूळची असेल तर ते अस्सलपणाचे लक्षण मानले जाते. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. जो दिवा लावायचा आहे त्याची जीर्ण वायर बदलणे हा त्याच्या जतनाचाच भाग आहे. ती तशीच ठेवणे म्हणजे जतन नव्हे, हेळसांड आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली लवचीक वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारा, त्यांवर गंधकाने पक्के केलेले रबर आणि सर्वांत वर सुताची किंवा रेशमाची वीण. रबर पक्के करण्याच्या कृतीचे अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये मिळवले. पुढे विजेच्या धंद्याला वाकणारे आवरण मिळाले ते याच रबरातून. मात्र गंधक तांब्यालाही खाते, म्हणून तारांना कथिलाचा मुलामा द्यावा लागे. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि बल्बची धग यांनी हे रबर आधी कडक होते, मग त्याला भेगा पडतात आणि शेवटी वाकवताच त्याचे तुकडे गळतात. सुताची वीण ते तुकडे जागच्या जागी धरून ठेवते, त्यामुळे वायर बाहेरून धडधाकट दिसते. ती सर्वांत आधी खचते होल्डरच्या गळ्याशी, कारण साध्या तारेचा बल्ब मिळालेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवतो. दुसरी कच्ची जागा बुडाच्या छिद्राची, जिथे धातूची कड वायरला घासते. तिसरी सांध्यांची. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम केलेल्या जॉर्ज कार्वर्डीनचे स्प्रिंगांच्या हाताच्या अँगलपॉइज दिव्याचे पेटंट १९३२ चे. हर्बर्ट टेरी अँड सन्स या स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीने तो दिवा बाजारात आणला. त्याचा हात जितक्या वेळा हलला, तितक्या वेळा सांध्यापाशी वायर वाकली. त्याच्या स्प्रिंगा अजून काम देतात, पण रबराचे आयुष्य तेवढे नसते.

यावर नेहमी ऐकू येणारा पहिला आक्षेप असा: टेबल लॅम्पला करंट तो किती लागतो, आणि काही झालेच तर एमसीबी पडेलच की! इथे थोडा हिशेब मांडायला हवा. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर साठ वॉटचा बल्ब सुमारे ०.२६ अँपिअर, म्हणजे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. हात ओले असतील तर माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. अशा हाताला उघडी तार लागली, तर त्याच २३० व्होल्टवर शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. सहा अँपिअरच्या एमसीबीला साठ वॉटचा बल्ब आणि शॉक बसलेला माणूस सारखेच वाटतात. ती दोघांसाठीही पडणार नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांच्या प्रयोगांत, पुरुषांना हातातली तार सोडता येण्याची मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांना साधारण साडेदहा मिलिअँपिअर आढळली. फ्यूज आणि एमसीबी मुख्यतः घरातल्या वायरिंगला जादा प्रवाहापासून वाचवतात. झडलेल्या रबरापासून माणसाला वाचवणे हे त्यांचे कामच नव्हे.

दुसरा आक्षेप: दिवा अजून नीट लागतो, मग बदलायचे कशाला? पण दिवा लागण्यासाठी दोन तारा अखंड असल्या की पुरे. त्यांवरचे आवरण गेले तरी उजेड तसाच पडतो. जुन्या पितळी दिव्यांत बहुधा दोनच तारा असतात, अर्थिंगची तिसरी तार नसते. बुडाशी फेजची तार उघडी पडून धातूला टेकली, तर पूर्ण दिवा जिवंत होतो आणि तरीही लागत राहतो. परदेशातून आलेल्या दिव्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आपल्याकडचा नेहमीचा होल्डर पिनांचा. त्यांचा बहुधा आट्यांचा. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना हवी. साधा टू-पिन प्लग उलटा बसला की हे नाते उलटते आणि बल्ब फिरवताना बोटे जिवंत धातूला लागू शकतात.

एलईडी बल्बने धग कमी होते हे खरे, पण आधीच झडलेले रबर त्याने परत येत नाही आणि व्होल्टेजही तेवढेच राहते. घरात विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर उत्तमच. ती प्रत्येक घरात हवी. तरीही दोन्ही तारा एकाच वेळी हाताला लागल्या, किंवा तुटक्या तारांमध्ये ठिणग्या पडत राहिल्या, तर गळती नसल्याने तिलाही काही कळत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप संग्राहकांचा आहे: मूळ वायर गेली की दिव्याचा अस्सलपणा गेला. या म्हणण्यामागे वस्तूविषयीची आस्था आहे, म्हणून त्याचे उत्तर आदराने द्यायला हवे. एक तर 'मूळ' म्हणून जपली जाणारी वायर पुष्कळदा मूळची नसतेच. लवचीक पीव्हीसी १९२६ मध्ये वॉल्डो सेमन यांनी घडवले आणि त्याच्या वायरी घरोघरी पोहोचल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे १९२० च्या दिव्याला पीव्हीसीची वायर असेल, तर ती आधी कधीतरी बदललेली आहे. दुसरे, १९६४ च्या व्हेनिस सनदेतील बारावे कलम वास्तूंसाठी असले तरी त्यातले तत्त्व इथे लागू पडते: नवा भाग मूळ वस्तूशी जुळावा, पण जुना म्हणून खपवला जाऊ नये. तंबोऱ्याच्या तारा बदलल्या म्हणून मिरजेचा जुना तंबोरा नवा होत नाही. तारा झिजण्यासाठीच असतात. जो दिवा संग्रहालयात न लावता ठेवायचा आहे, त्याची वायर अवश्य तशीच राहू द्यावी. मात्र लावायचा दिवा आणि दाखवायचा दिवा यांना एकच नियम लावता येणार नाही.

बदल करायचा तर तो परत फिरवता येईल असा करावा. धातूला नवे भोक पाडू नये, जुना होल्डर सुस्थितीत असेल तर फेकू नये. धातूच्या दिव्याला ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची वायर घ्यावी. आत आजचे आवरण आणि बाहेर सुती वीण असलेली वायर मिळते, तिने दिव्याचे रूप राखले जाते. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधून ओढली की ती नळीतून सहज जाते. बुडाच्या छिद्रात रबरी बुश बसवावा, ओढ होल्डरच्या स्क्रूंवर येणार नाही अशी पकड द्यावी, अर्थिंगची हिरवी तार धातूला रंग खरवडून घट्ट जोडावी, स्विच फेजवर घ्यावा आणि थ्री-पिन प्लग लावावा. मधे कुठेही टेप गुंडाळलेला जोड नको. शेवटी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करून घ्यावी. तारा आणि धातू यांमधला रोध एक मेगाओमहून कमी भरला तर तो दिवा लावू नये. जुन्या वायरीत राखाडी, तंतुमय थर दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो; तो खरवडू नये. काढलेली वायर आणि प्लग तारखेच्या चिठ्ठीसह पिशवीत ठेवले की दिव्याचा इतिहासही हरवत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांचा टेबल लॅम्प खाली निघेल. त्याचे पितळ घासण्याआधी त्याची वायर बदलून घ्या आणि तोवर त्याचा प्लग बोर्डात घालू नका.