न रंगलेल्या तीन वाट्या

"टेबलाला धक्का नको हं," ताई मान वर न करता म्हणाल्या. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या लॅबमध्ये मी त्यांच्या मागे उभा होतो. पुढ्यात तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट आणि तिच्यात ९६ वाट्या, भातुकलीतल्यांहूनही लहान. प्रत्येक वाटीच्या तळाशी सायटोमेगालोव्हायरस (सीएमव्ही) या विषाणूची प्रथिनं कंपनीतूनच चिकटवून आलेली. मोठ्या लॅबमध्ये हे काम आता यंत्रं परस्पर उरकतात. इथे पिपेट आणि ताईंचा अंगठा.

पातळ केलेलं सीरम वाट्यांत पडलं. रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर त्या तळाला धरून बसतात, बाकीचं धुऊन जातं. ताईंचा सगळा जीव या धुण्यात. धुवायचं, प्लेट उलटी करून टिश्यू पेपरवर थापटायची, पुन्हा धुवायचं. शेजारच्या खोलीतून ऐकणाऱ्याला थालीपिठं चालली आहेत असं वाटावं. "इथे आळस केला तर नसलेलाही रंग दिसतो," त्या म्हणाल्या.

मग दुसरं रसायन, पुन्हा धुणं, आणि शेवटी रंगाचं द्रावण. बघता बघता वाट्या निळ्या झाल्या. आम्लाचा थेंब पडताच निळ्याचं हळदीसारखं पिवळं झालं. त्या दिवशीच्या चाळीस नमुन्यांपैकी न रंगलेले फक्त तीन.

"एवढी माणसं आजारी?"

"आजारी कशाला असतील? तुमचं रक्त घातलं तर तुमचीही वाटी पिवळीच होईल बहुतेक."

हा विषाणू नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. एकदा शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो, पण धडधाकट माणसाला सहसा पत्ताही लागत नाही. लाळेतून, लघवीतून, आईच्या दुधातून तो पसरतो. त्यामुळे गजबजलेल्या घरात बहुतेकांना लहानपणीच गाठतो. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ८३ टक्के लोकांत त्याची खूण सापडते. अमेरिकेत चाळिशीपर्यंत निम्म्याहून अधिक लोकांना तो झालेला असतो. भारतातल्या पाहण्यांत हा आकडा अनेकदा नव्वदीच्या पुढे जातो.

म्हणूनच गर्भपातानंतर 'टॉर्च' तपासणी (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची) करून 'सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' एवढ्याच शब्दांवर एखाद्या बाईला दोषी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. आयजीजी म्हणजे वाटीच्या तळाला धरून बसणारी तीच अँटीबॉडी. तो कागद विषाणू कधीतरी शिरल्याचं सांगतो, कधी आला ते नाही. त्यासाठी आयजीएम ही दुसऱ्या जातीची अँटीबॉडी आणि आयजीजीची पकड, म्हणजेच अ‍ॅव्हिडिटी पाहावी लागते, तीही जाणत्या डॉक्टरने. विषाणू निरुपद्रवी आहे असंही नाही. पोटातल्या बाळाला तो झाला तर काही मुलांची श्रवणशक्ती जाते. जन्मल्यावर ऐकू येणाऱ्या मुलाचीही पुढे जाऊ शकते.

ताई मात्र पिवळ्या वाट्यांकडे बघतही नव्हत्या. रंग मोजणाऱ्या रीडरमधून आकडे आल्यावर त्यांनी न रंगलेल्या तिघांचे फॉर्म बाजूला काढले. त्यातला एक मूत्रपिंड प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या तरुणाचा होता. मूत्रपिंड देणाऱ्या त्याच्या भावाची वाटी शेजारीच, गडद पिवळी. भावाच्या मूत्रपिंडाबरोबर विषाणूही त्याच्या अंगात जाणार, तेही प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असताना आणि शरीराला विषाणूची पूर्वओळख नसताना. या विषाणूच्या बाबतीत अवयव प्रत्यारोपणात सगळ्यात जोखमीची जोडी हीच.

ताईंनी त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, पेशंट निगेटिव्ह, डोनर पॉझिटिव्ह."

अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या देतात.