काथ्याचा भुसा आणि बटाट्याचं कॅल्शियम

थळ घाटाच्या माथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जाताना जमिनीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेतो. भात तरीही उभा राहतो. इथलं कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र भात-नागलीवर काम करतं, ते उगाच नाही. बटाट्याला मात्र कायम वापसा हवा. पाणी तुंबलं की तो सडतो. इथल्या पावसाळ्यात बटाटा घ्यायचा तर पॉलिहाउसमध्ये, मातीविना. तेव्हा खताच्याही आधी ठरवावं लागतं ते हे, की मुळं कशात ठेवायची.

पर्लाइट म्हणजे भट्टीत लाहीसारखा फुललेला ज्वालामुखी खडक. तो अन्नद्रव्यं धरून ठेवत नाही. ओतलं तेच मुळाला मिळतं, आणि एक पाळी चुकली की मूळ उपाशी. काथ्याच्या भुशाचं, म्हणजे कोकोपीटचं, तसं नाही. कच्च्या भुशात पोटॅशियम आणि सोडियम भरलेलं असतं. आपण खतपाणी दिलं की तो कॅल्शियम धरतो आणि पोटॅशियम सोडतो. ईसी मीटर एकूण क्षार मोजतं, कोणता क्षार ते सांगत नाही. आकडा बरोबर दिसतो आणि झाड कॅल्शियमवाचून राहतं. म्हणून लागवडीआधी कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून निथळून घ्यावंच लागतं. घाईत हीच पायरी गाळली जाते.

कॅल्शियमच्या बाबतीत बटाट्याचं दुखणं निराळं आहे. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर चढतं, आणि ती ओढ पानांची. जमिनीखालच्या कंदातून बाष्प जवळजवळ जातच नाही, त्यामुळे मुख्य मुळांनी घेतलेलं कॅल्शियम त्याला वगळून वर निघून जातं. विस्कॉन्सिन विद्यापीठात क्रॅट्झके आणि जीवन पालटा यांनी 1985 साली दाखवलं, की कंदावर आणि त्याच्या देठावर फुटणारी बारीक मुळं थेट कंदाला पाणी पुरवतात. कॅल्शियमची वाट तीच. ते कमी पडलं तर बाहेरून निरोगी बटाटा कापल्यावर आत तपकिरी डाग निघतात.

म्हणून ठिबकची नळी फक्त खोडाशी ठेवून भागत नाही. कंद धरतात तो वरचा थरही ओला आणि पोसलेला हवा, तरी पोकळ हवा. मला कोकोपीटमध्ये पर्लाइट मिसळणं पटतं ते यासाठीच. मातीत बटाट्याला भर देतात, तशी लागवडीच्या पिशवीतही हे मिश्रण वरून टाकत राहायचं, म्हणजे कंद उजेडात येऊन हिरवा पडत नाही आणि त्याच्या केसासारख्या मुळांना शिरायला नवी ओली जागा मिळते.