संमती कोणाची?

जमिनीचे खरेदीखत करावयाचे असले म्हणजे आपल्याकडील साधा शेतकरीही चतुःसीमा वाचून घेतो, सातबाऱ्यावरील बोजा पाहतो, शंका राहिलीच तर वकिलाकडे हेलपाटा घालतो आणि मगच दस्तऐवजावर सही वा अंगठा करतो. परंतु तोच मनुष्य शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पुढे आलेल्या संमतिपत्रावर, ते कोणत्या भाषेत आहे हेही न पाहता, परिचारिकेने बोट ठेवलेल्या जागी सही करून मोकळा होतो. वास्तविक, ज्या कागदाने मनुष्य आपला देह दुसऱ्याच्या शस्त्राखाली देतो, त्याइतका गंभीर कागद त्याच्या आयुष्यात क्वचितच येतो.

१९९५ च्या मे महिन्यात दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी एका शुश्रूषागृहात दाखल झाली. दुर्बिणीने तपासणी आणि त्याच मार्गाने उपचार करण्यास, व गरज पडल्यास पोट उघडण्यास तिने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेण्यात आली, आणि तिचे गर्भाशय, दोन्ही बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्यात आल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ जानेवारी २००८ रोजीच्या निकालात न्यायालयाने डॉक्टरांचा हेतू शुद्ध होता, रुग्णाच्या हिताचाच होता, हे मान्य केले. तथापि रुग्ण सज्ञान होती, तिची शुद्ध काही वेळातच परतणार होती आणि तिच्या प्राणाला तत्काळ धोका नव्हता, म्हणून तिच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आईलाही नव्हता, असा निर्वाळा दिला. शस्त्रक्रियेचे शुल्क नामंजूर झाले आणि २५,००० रुपये भरपाईचा हुकूम झाला.

रक्कम लहान होती. तत्त्व मात्र मोठे होते. उपचाराचे स्वरूप व प्रयोजन काय, त्याला पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारल्यास काय होईल, इतके रुग्णाला कळले पाहिजे. दूरान्वयाने संभवणाऱ्या प्रत्येक संकटाची जंत्री त्याच्यापुढे वाचण्याची आवश्यकता नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. प्राण वाचवण्यासाठी क्षणाचाही विलंब परवडणार नाही, अशा प्रसंगी मात्र डॉक्टरांनी संमतीसाठी थांबू नये.

या तत्त्वांचे आचरण कठीण नाही. उपचार करणाऱ्या किंवा तो नीट जाणणाऱ्या डॉक्टरानेच, रुग्णाच्या भाषेत, त्याला विचार करण्यास व घरच्यांशी बोलण्यास अवधी मिळेल इतके आधी समजावून सांगावे. स्ट्रेचरवर झोपवल्यानंतर नव्हे. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे भिडेखातर ‘हो’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा ‘उद्या काय करणार आहोत, हे तुमच्या शब्दांत सांगा बरं,’ असे म्हटल्यास काय उमगले आणि काय निसटले ते तत्काळ कळते. दिलेली संमती उपचाराआधी मागे घेता येते, हेही सांगावे.

आमच्या कुटुंबवत्सल समाजात याहून अवघड प्रसंग निराळाच असतो. ‘डॉक्टर, बाबांना कॅन्सरचं सांगू नका, ते खचतील,’ असे मुलगा दाराआड हात जोडून विनवतो. त्याच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण बाबांना किती जाणून घ्यावयाचे आहे, हे बाबांनाच हळुवारपणे विचारले पाहिजे. ‘मुलाशी बोला,’ असे त्यांनी स्वतः सांगितले, तर तोही त्यांचाच निर्णय होय.

दिल्लीच्या त्या शुश्रूषागृहाबाहेर बसलेल्या आईचे आपल्या लेकीवर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कितीही जिव्हाळ्याची नावे असली, तरी खरेदीखतावर सही मूळ मालकाचीच लागते. आणि देहाच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून एकच नाव असते.